थांबाताई

डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या आम्हा मराठी मंडळींत कुणी घर घ्यायचं ठरवलं की लगेच पेढे निघायचे, अभिनंदनं सुरू व्हायची आणि त्या गडबडीत एकच बाई शांत बसून असायची. मेधाताई. कुणी मोबाइलवरचे फोटो पुढे करून म्हणायचं, "ताई, ऑफर मान्य झाली, बुकिंग डिपॉझिटही भरलं!" त्या फोटो नीट बघायच्या, "स्वयंपाकघरात ऊन छान येतंय," अशी दाद द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "थांबा. अजून काहीच झालेलं नाही. दोन्हीकडच्या सह्या होईपर्यंत विकणाराही मोकळा आणि तूही मोकळा." पेढा घ्यायच्या नाहीत. "किल्ली आल्यावर दे, तेव्हा दोन खाईन." त्यांचं नाव थांबाताई पडलं ते यावरून. ते त्यांना ठाऊक होतं आणि माझा अंदाज आहे, थोडं आवडतही होतं.

थांबाताई सॉलिसिटर होत्या. आयर्लंडमध्ये घराची खरेदी सहसा वकिलाच्या हातूनच होते. विकणाऱ्याचा हक्क खरा आहे का, मागची वाढीव खोली परवानगीने बांधली आहे का, सोसायटीतला रस्ता कुणाच्या मालकीचा, हे सगळं वकिलाने बघायचं असतं. नाशिकला त्यांनी बरीच वर्षं हेच काम केलं होतं. नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे आल्या तेव्हा कागदोपत्री त्यांची ओळख एका शब्दापुरती उरली: डिपेंडंट. तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज पुढेही कोरडा व्हायचा. ल्यूकन गावात औषधाच्या दुकानावर एका वयस्क आयरिश वकिलाचं ऑफिस होतं. तिथे त्या फोन घ्यायला लागल्या आणि नोकरी, घर, दोन मुलं सांभाळून इथला कायदा पहिल्यापासून शिकल्या. जमिनीच्या कायद्याच्या पेपरात एकदा नापासही झाल्या. "नाशिकच्या अशिलांना कळलं असतं तर फायली परत मागायला रांग लागली असती गं," असं म्हणून खो खो हसायच्या.

सॉलिसिटर म्हणून त्यांची नोंद झाली त्या समारंभाला आम्ही चारपाच कुटुंबं गेलो होतो. त्यांच्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. सगळं भाषण इंग्रजीत, त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण सुनेचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते त्यांना बरोबर ऐकू आलं आणि त्या ताडकन उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. बाकी सभागृह बसलेलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि आमची पूर्ण रांग उभी राहिली. थांबाताई व्यासपीठावर लाजल्या, पण मान खाली घातली नाही.

आपली बाई वकील झाली म्हटल्यावर आपल्या लोकांना वाटलं, आता सगळं घरच्या घरी होईल. ओळखीतल्या एकाने आपलं घर ओळखीतल्याच दुसऱ्याला विकायचं ठरवलं आणि दोघे हसत हसत त्यांच्याकडे गेले. "ताई, दोघंही तुमचेच. दोघांचं काम तुम्हीच करा." ताईंनी साफ नकार दिला. "उद्या कुंपणावरून तुमचं वाजलं तर मी कुणाच्या बाजूने बोलू? एकाने दुसरा वकील शोधा. कुणी शोधायचा ते तुम्ही ठरवा." दोघेही काही दिवस फुगून होते. पुढे खरंच कुंपणावरून वाजलं, आणि ते मिटलं तेही दोन वेगळे वकील होते म्हणून.

आमची पाळी २०१६ साली आली. आम्ही भाड्याने राहत होतो ते घर मालकाने विकायला काढलं आणि आम्हाला जागा सोडायची नोटीस दिली. मुलगी चार वर्षांची, शाळा इथलीच. बऱ्याच बोली हरल्यावर ल्यूकनमध्येच एक जुनं, जोडभिंतीचं घर आम्हाला मिळेलसं दिसू लागलं. मी आणि निखिल, माझा नवरा, थांबाताईंच्या समोर जाऊन बसलो.

"घर कुणाच्या नावावर?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," निखिल म्हणाला. त्यात त्याचा काही डाव नव्हता. पगार त्याचा, कर्ज त्याचं. मी पुण्यातली नोकरी सोडून आलेली.

त्या माझ्याकडे वळल्या. "अनघा, तुला काय हवंय?"

"यांचं टाका ना. काय फरक पडतो?"

"पडतो. आणि मी तुला विचारलं, त्याला नाही." मग त्यांनी शांतपणे समजावलं. दोघांची नावं एकत्र लागली तर एकाच्या पश्चात घर आपोआप दुसऱ्याचं होतं आणि जिवंतपणीही मी त्याची बरोबरीची मालक असते. पण कर्जही माझ्या मानेवर येतं; हप्ते थकले तर बँक मलाही धरणार. "नुसतं गोड गोड ऐकून हो म्हणू नकोस. दोन्ही बाजू बघ आणि सांग."

या देशात आल्यापासून मला काय हवंय असं टेबलापलीकडून पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मी म्हटलं, "माझंही नाव लावा." निखिल माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "हे मलाच आधी सुचायला हवं होतं."

मग ते घर अडलं. विकणारा एकटा राहणारा वयस्क गृहस्थ होता. थांबाताई त्याला आयरिश पद्धतीने 'युअर मॅन' म्हणायच्या, शब्दशः 'तुमचा माणूस', पण अर्थ नुसता 'तो अमका'. या युअर मॅनचं लग्न झालेलं होतं, बायको मात्र काही वर्षांपूर्वी घर सोडून पश्चिमेकडच्या गॉलवे शहरात गेली होती. घटस्फोट झालेला नव्हता. ताईंनी तिची लेखी संमती मागितली. त्याच्या वकिलाकडून उत्तर आलं की घर त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, बायको तिथे राहत नाही, तेव्हा तिचा संबंध नाही.

"ती या घरात बायको म्हणून राहत होती. घर सोडलं म्हणजे हक्क सोडला असं इथला कायदा मानत नाही," थांबाताई म्हणाल्या. "तिची संमती करारावरच्या सहीच्या आधी हवी. नाहीतर विक्रीच रद्द ठरते. तुम्ही पैसे द्याल, किल्ली घ्याल आणि घर तुमचं नसेल."

दिवस जात राहिले. आमच्या नोटिशीची मुदत संपली आणि आम्ही बोजाबिस्तरा घेऊन जवळच्या मेनूथ गावात मित्राच्या एका खोलीत येऊन पडलो. एजंटचे फोन सुरू झाले: दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, तुमच्या वकिलांमुळे अडलंय. एका संध्याकाळी निखिलचा धीर सुटला. त्याने स्पीकरवरच फोन लावला.

"मेधाताई, एका सहीसाठी आम्ही रस्त्यावर यायचं का? आम्ही दुसरा वकील बघतो."

"बघ," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तो तुझा हक्क आहे. फाइल लगेच पाठवते. पण त्यालाही हेच विचार, आणि त्याचं उत्तर लेखी घे."

निखिलने फोन ठेवला. खोलीत खोक्यांमधून चालायला जागा नव्हती आणि मुलगी एका खोक्यावर बसून चित्र काढत होती. मी म्हटलं, "वकील बदलायचा नाही. माझं नाव लागणार आहे ना त्या घरावर? त्या बाईची सही आल्याशिवाय मी माझी करणार नाही." माझा आवाज मलाच नवा वाटला. निखिलने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "बरं. गेलं तर गेलं."

गेलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वकिलानेही तीच सही मागितली, तेव्हा युअर मॅनचा नाइलाज झाला. बायकोला कळवलं गेलं, तिने स्वतःचा वकील केला, त्यांचं आपसात काय ते ठरलं आणि संमती आली. आम्ही सह्या केल्या. किल्ली मिळाली त्या दिवशी थांबाताईंनी खरंच दोन पेढे खाल्ले.

पुढच्या वसंतात एका दुपारी फाटकाशी एक सत्तरीची आयरिश बाई उभी होती. "मी नोरा. मी या घरात राहायचे," ती म्हणाली. मी तिला आत घेतलं. स्वयंपाकघरात आल्यावर तिने भिंतीतल्या कपाटावरून हात फिरवला. इथे त्याला 'प्रेस' म्हणतात. "हे प्रेस मी रंगवलं होतं," ती म्हणाली. चहा घेताना तिने सांगितलं, घर विकायला काढल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. नवऱ्याचा चिडून फोन आला तेव्हा समजलं. "तो म्हणाला, कुणीतरी एक इंडियन वकीलबाई आहे, तुझ्या सहीशिवाय हलायला तयार नाही." तिने कप खाली ठेवला. "कितीतरी वर्षांत माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं." मिळालेल्या वाट्यातून तिने गॉलवेत छोटा फ्लॅट घेतला होता. जाताना म्हणाली, "त्यांना माझा नमस्कार सांगा."

मी लगेच ताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी हे तिच्यासाठी केलं नव्हतं गं. मी तुमची वकील. तिच्या बाजूने एक अक्षर बोलले नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "पण बरं वाटलं ऐकून. चहा नीट केला होतास ना?"

२०१९ मध्ये त्यांच्या यजमानांना गॉलवेत वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं आणि ताईंनाही तिथल्या एका ऑफिसात भागीदारी. निरोपाचं जेवण आमच्याच घरी झालं. त्यांची मुलं आयरिश हेलात इंग्रजी बोलत वाढत होती, आणि ताई त्यांच्यामागे मराठीत ओरडत होत्या. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर निखिल बराच वेळ फाटकात उभा होता. "आपण यांना सोडून दुसरा वकील बघणार होतो," एवढंच म्हणाला.

काही महिन्यांनी गॉलवेला गेले तेव्हा न कळवताच त्यांच्या ऑफिसात शिरले. दारावर त्यांचं नाव होतं, आडनावासकट, पूर्ण. सोपं करा असं अनेकांनी सुचवूनही त्यांनी ते कधी छाटलं नव्हतं. ताई आत कुणाशी तरी बोलत होत्या. बाहेर एक तरुण आयरिश जोडपं बसलं होतं. पहिलंच घर असावं. मुलीने मुलाचा हात घट्ट धरला होता. दारावरचं नाव तिने ओठ हलवत दोनदा वाचून पाहिलं आणि जमलं नाही तशी माझ्याकडे वळली.

"तुम्ही ओळखता का त्यांना? चांगल्या आहेत ना?"

मला केवढं सांगायचं होतं. नाशिक, ते नापास होणं, उभी राहिलेली रांग, मेनूथची खोली, नोरा. माझं इंग्रजी एरवी बरं आहे, पण एवढं सगळं एका वाक्यात बसेना. आधी मी तिला ते नाव सावकाश, तोडून तोडून म्हणून दाखवलं. तिने माझ्यामागून ते म्हटलं, जवळपास बरोबर.

मग मी म्हटलं, "शी इज अवर्स." त्या आमच्या आहेत.

हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या हातावरची पकड सैल केली आणि खुर्चीत मागे टेकून बसली.