सालेहच्या घरची कॉफी

येमेनच्या डोंगरात कॉफी खरेदीला जायचो, तेव्हा माझ्या यादीत पहिलं नाव सालेहचं असे. त्याच्याकडे प्यायला मात्र कॉफीच्या टरफलांचा, सुंठ घातलेला काढा मिळायचा. बी विकायचं आणि टरफल आपण उकळून प्यायचं, ही तिथली रीतच. पिकवणारा काय पितो, हा रकाना माझ्या वहीत कधीच नव्हता.

शेवटच्या खेपेला त्याच्या अंगणात कॉफीची झाडं मुळासकट आडवी पडली होती. त्यांच्या जागी नशेसाठी चघळतात त्या पाल्याची रोपं लावलेली.

"लढाईनं बंदराचा रस्ता बंद. तू कसाबसा पोचलास भावा, पोती कशी पोचणार? हा पाला गावातच खपतो. माझं नाव खोड."

मी पेन काढलं. खोडवेना.

सालेहनं दोन पेले आणले. आज वास वेगळा होता.

"शेवटचं मूठभर बी. विकण्याइतकं नाही, म्हणून आपल्याला."

साठीच्या सालेहनं स्वतःच्या झाडांची कॉफी पहिल्यांदाच तोंडाला लावली. मग तो आडव्या झाडांकडे वळला.

"एवढी चांगली होती होय!" तो म्हणाला. "आणि तू दर वर्षी नाक मुरडून भाव पाडायचास, चोरा."