उलट्या फेऱ्यांचा घेवडा

सरावलीच्या चाळीत साखरबाईच्या दारापुढे नळाशेजारी दोन हात माती होती. तिथे तिने घेवड्याचं एकच बी लावलं. बी माहेरचं, आईच्या परसातलं. आई गेली, भावाने परसात पत्र्याची शेड टाकली. डब्यातलं बियाणं भुंग्यांनी पोखरलं, त्यातलं हे एवढंच धड निघालं. हे जगलं तर आईचा घेवडा उरणार होता.

वेल हातभर वाढला तेव्हा तिने छपराच्या पत्र्यापर्यंत सुतळी बांधली आणि शेंडा त्या सुतळीभोवती गुंडाळला. बायका वडाला सूत गुंडाळतात, तशाच सुलट फेऱ्या. सकाळी पाहते तर शेंडा सुटून लोंबतोय. पुन्हा गुंडाळला. दुपारपर्यंत तो पुन्हा सुटला आणि आपला आपण सुतळीला धरून उलट्या फेरीने निघाला.

"असलं अवलक्षण माझ्या दारात न्हाई चालायचं," तिने वेलाला दम दिला.

शेजारची सोमी कपडे वाळत घालत होती. ती डोंगरातल्या पाड्यावरची, बोईसरला कामाला येऊन इथेच राहिलेली. "बाय, त्याला काय सात जन्म तोच नवरा मागायचा हाय? जाऊ दे की."

"गप गं. आई म्हनायची, वेल मांडवाला गेला पायजे. उलटा चालून कुठं पोचंल?"

तिसऱ्यांदा तिने शेंडा सुलट फिरवून दोऱ्याने आवळला. कट् असा बारीक आवाज झाला. शेंडा तिच्या बोटांत राहिला.

कारखान्यातली पाळी संपवून तिचा नवरा भगवंत घरी आला तेव्हा ती उंबऱ्यावर बसून होती. "कोन गेलं?" त्याने घाबरून विचारलं. तिने हात उघडून दाखवला. तो हसणार होता. तिचं तोंड बघून हसला नाही.

तरी ती खुंटाला पाणी घालत राहिली. एके दिवशी पानांच्या बेचक्यांतून दोन हिरवी टोकं निघाली. ती वाढून लांब झाली, तेव्हा साखरबाई तांदूळ निवडायला मुद्दाम दारात बसली. बसली तेव्हा एक टोक नळाकडे वाकलं होतं. निवडून झाले तेव्हा ते दाराकडे वळलेलं. वारा नव्हता. सूप मांडीवर ठेवून ती बघत राहिली. टोक हवेत गोल फिरत होतं, आंधळं माणूस हाताने भिंत चाचपतं तसं. फिरत फिरत सुतळीला लागलं आणि थांबलं. मग हळूच वळलं. उलटंच.

"सोमे, ये गं, ये लवकर!"

सोमीने बोट रोखलं, तशी साखरबाईने ते खाली दाबलं. "कोवळ्याला बोट दावू नको, कुजतं."

"डोळं नाय, कान नाय," सोमी हळू आवाजात म्हणाली. "याला कोन शिकवतं?"

साखरबाईने नकळत हात जोडले.

थंडीत शेंगा लागल्या. तिने एकही तोडू दिली नाही. साऱ्या वेलावरच वाळू दिल्या. मग दाणे सोलले आणि त्यांतले अर्धे सोमीच्या ओंजळीत घातले, पाड्यावर लावायला.

"सुतळी बांध," ती म्हणाली, "आन् बाजूला हो."