कारंज्यात आमच्या दोन तास आधी

आधीच सांगते, मी फिजिक्स शिकवते. बावीस वर्षं झाली. स्टाफरूममध्ये भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी पेपर तपासायला घेते, आणि या सदरातले अनुभवसुद्धा मी मुख्यतः चुका काढायला वाचते – रागावू नका. आज तीच मी इथे लिहायला बसलेय. हौसेने नाही, वैतागून. गेल्या फेब्रुवारीपासून एका मंगळवारचा मेळ बसत नाहीये आणि घरात कुणाशी बोलायची सोय नाही. नवरा म्हणतो, "तुला उन्हाचा त्रास झाला असेल." फेब्रुवारीत!

वाशीमला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. लग्न सोमवारी, नाशिकला परतायचं बुधवारी पहाटे, त्यामुळे मधला मंगळवार मोकळा होता. सासूबाईंचं माहेर कारंजा लाड. तिथे आता त्यांचं कुणी उरलेलं नाही, पण मला ते गाव कधीचं बघायचं होतं – जुन्या वेशी, जैन मंदिरांतलं लाकडावरचं कोरीवकाम, गुरुमंदिर, ऋषी तलाव. एका दिवसात सगळं बसवायचं म्हणून मी रात्री मोबाईलमध्ये वेळापत्रक केलं. दहाला दिल्ली वेस, अकराला मंदिर, एकला जेवण... असं करत करत चार वाजता 'आईंची मैत्रीण' आणि साडेपाचला परतीची बस.

मैत्रीण शेवटी ठेवली त्याला कारण होतं. वऱ्हाडात कुणाच्या घरात पाय ठेवला की दिवस गेला म्हणून समजा. 'चहा तरी घ्या'पासून सुरू होतं, मग पोहे, मग 'आता जेवूनच जा', आणि नाही म्हटलं की रुसवे. तेव्हा आधी गाव, मग घर. आई म्हणाल्या, "तुझ्या मनानं कर." हे वाक्य माझ्या सासूबाई कधी म्हणतात ते मला इतक्या वर्षांत चांगलं कळलंय, पण मी ते सरळ अर्थाने घेतलं.

सकाळी सातची बस चुकली. लग्नघरात बाथरूम एक आणि माणसं चाळीस, दुसरं काय होणार! आठला दहा कमी असताना वाशीमहून गाडी मिळाली. तिकीट अजून माझ्या पर्समध्ये आहे, त्यावर वेळ छापलेली आहे. हे एवढ्यासाठी सांगतेय की पुढे त्याचं काम पडणार आहे.

मंगरूळपीर यायच्या आत आईंनी मला ती गोष्ट सांगितली. आई एकोणऐंशीच्या. पंचफुलाबाई ही त्यांची शाळेतली मैत्रीण. दोघी शाळेत असतानाच तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आईंचं घर शेतीवाडीवालं, सोवळंओवळं कडक. एकदा एप्रिलच्या उन्हात दोघी शाळेतून येताना पंचफुलाच्या आईने दारातच दोघींना पाणी दिलं. दहा-अकरा वर्षांच्या आईंनी पाण्याच्या गडव्याकडे बघितलं, "मले तहान नाही" म्हणाल्या आणि पळत सुटल्या. घरी पोचून रांजणाजवळ उभ्या राहून घटाघटा दोन पेले प्यायल्या. वळून बघतात तर कुंपणाशी पंचफुला उभी. आई दप्तर तिच्या दारात विसरल्या होत्या, ते द्यायला ती मागोमाग आली होती.

पंचफुला त्यावर काही बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही. आईंच्या लग्नात आली, मांडवाच्या बाहेरूनच अक्षता टाकून गेली. तिला कारंज्यातच दिलं होतं, बुद्धविहाराजवळच्या गल्लीत. आता या वाशीमच्या लग्नात कुणीतरी सांगितलं की ती पंधरा दिवसांपासून अंथरुणाला खिळलीय, अन्न जात नाही.

"तिच्या घरचं पाणी पेल्याबिगर मले मरता येत नाही," आई म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण वेळापत्रक बदलावंसं वाटलं नाही, हेही लिहून टाकते. एका दिवसात गाव बघायचं तर कुठेतरी कठोर व्हावं लागतं, असं माझं तेव्हाचं मत होतं.

पावणेदहाला कारंज्याच्या स्टँडवर उतरलो. पहिलाच रिक्षावाला आईंना बघून हसला. "काहून आजी, भेट नाही झाली काय? आठ वाजता तं मी तुमाले विहाराजवळ सोडलं."

मी त्याला सांगितलं की आठ वाजता आम्ही वाशीमच्या बाहेरसुद्धा नीट पडलो नव्हतो. तो ऐकेना. जांभळं लुगडं, काठी, आणि डाव्या मनगटाला हेच पिवळं फडकं होतं म्हणाला. आता ते फडकं म्हणजे माझ्या जुन्या ओढणीची पट्टी. आदल्या रात्री मांडवाच्या पायरीवरून घसरून आईंचा हात मुरगळला, घरात बँडेज सापडेना, म्हणून मीच फाडून बांधली होती. पण मी म्हटलं, जांभळ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या काय कमी आहेत? आणि बोलक्या रिक्षावाल्यांना काहीही आठवतं.

आईंनी माझी बाही धरली. मग म्हणाल्या, "स्मिता, पयले तिथीच जाऊ वो."

मी त्यांना मोबाईल दाखवला. चार वाजता, आई. चार.

दिल्ली वेशीपाशी बोरं विकणारी एक बाई बसली होती. मी वेशीचा फोटो काढायला कोन शोधत होते तेवढ्यात तिने आईंना विचारलं, घर सापडलं का. सकाळी ती विहाराच्या कोपऱ्यावर बसली होती म्हणे, तिथे आईंनी तिला पंचफुलाबाईचं घर विचारलं आणि तिने दोन बोरंही हातावर ठेवली. आता मात्र माझं डोकं तडकलं. मी तिला जवळजवळ उलटतपासणीच घेतल्यासारखं विचारलं – एकट्या होत्या का, कुठल्या बाजूने आल्या, काय बोलल्या? एकट्याच होत्या. घाईत होत्या. बोरं घेतली पण खाल्ली नाहीत.

शहाण्या माणसाने तिथून सरळ विहार गाठला असता. मी काय केलं? मी ठरवलं की या गावात हुबेहूब आईंसारखी दिसणारी कुणीतरी बाई आहे, चुलत-मावस बहीण असेल, संध्याकाळी छडा लावू. आणि आईंना मंदिराकडे घेऊन गेले.

कोरीवकाम सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. खांब, छत, तुळया – लाकडात इतकं बारीक काम कसं केलं असेल असं वाटतं. पण आई आतल्या पायरीवर बसून राहिल्या, मान वर करून बघेनात. मी चिडले. त्यांच्याच गावात त्यांच्यासाठी म्हणून आलो (हे खोटं होतं) आणि ह्या अशा! गुरुमंदिरात त्यांनी नमस्कार केला आणि लगेच चप्पल शोधायला लागल्या. एक वाजता जेवायला बसलो तर ताटाला हात लावला नाही. "पंचफुलाच्या घरी जेवीन," एवढंच म्हणाल्या. माझं पोट भरलं होतं पण घास गोड लागला नाही. तलावावर पोचेपर्यंत दोघीही एकमेकींशी बोलत नव्हतो. शेवटी मीच म्हटलं, चला, होऊ द्या तुमच्या मनासारखं. अर्धा तास आधी निघाले, तेही उपकार केल्याच्या थाटात.

साडेतीनला विहाराच्या गल्लीत शिरलो. घर विचारावं लागलं नाही. दारात चपला होत्या, माणसं होती, बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

पंचफुलाबाई अडीच वाजता गेल्या होत्या.

त्यांची सून वंदना बाहेर आली, आईंना बघितलं आणि गळ्यात पडली. कुणी कळवलं, इतक्या लवकर कशा परत आल्या, असं रडत रडत विचारत राहिली. मग तिने सगळ्यांना सांगितलं – ह्याच त्या. सकाळी आल्या, खाटेजवळ बसल्या, आणि पहिलं काय मागितलं तर पाणी. माठातलं पाणी दिलं. एक गिलास प्यायल्या, मग दुसरा मागितला. "माही सासू पंधरा दिवसांत पयल्यांदा हासली," वंदना म्हणाली. "म्हणे, पेली एकदाची. अन् मग हात धरून बसल्या दोघी. तुमी गेल्या अन् तिले शांत झोप लागली, ते झोपेतच..."

मी पर्समधलं तिकीट बाहेर काढलं होतं. कशासाठी, मला माहीत नाही. ते दाखवून मी तिथे काय सिद्ध करणार होते? परत आत ठेवलं.

आई आत गेल्या. पंचफुलाबाईंना पांढरी चादर पांघरली होती, उशाशी मेणबत्ती आणि उदबत्ती. आईंनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग वंदनाकडे वळल्या.

"मले पाणी दे, बाई."

"मावशी, सकाळी पेल्या ना तुमी. दोन गिलास."

"ते कोण होती मले माहीत नाही. मी नाही पेली."

वंदनाला काही कळलं नाही. तरी ती उठली. आणि आता जे लिहिणार आहे ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ती गिलास घेऊन आली तेव्हा मी आईंचा हात धरला. आमच्याकडे मयताच्या घरी पाणी घेत नाहीत, घरी जाऊन आंघोळ करून मगच. लहानपणापासून हेच बघितलंय, त्यामुळे विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, इथे आत्ता नको."

आईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"अजून काहून नको?" एवढंच विचारलं.

मी हात सोडला. आईंनी अख्खा गिलास एका दमात रिकामा केला. थोडं हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. मग मीही मागितलं. वंदनाने मलाही दिलं, आणि मी प्याले. आई मग तिथेच खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. मी त्यांना इतकं मोठ्याने रडताना सासऱ्यांच्या वेळीही बघितलं नव्हतं. साडेपाचची बस गेली. सगळं आटोपेपर्यंत थांबलो आणि मग मिळेल त्या गाडीने परतलो.

नंतर मी माझ्या पद्धतीने सगळं तपासलं. आईंचा लग्नातला फोटो वंदनाला पाठवला. 'याच' म्हणाली, शेजारीणही तेच म्हणाली. कारंज्यात आईंच्या माहेरचं कुणी आहे का, दूरच्या नात्यातलं कुणी हुबेहूब, याची चौकशी झाली. कुणी नाही. समजा असलं, तरी तिच्या हाताला माझ्या ओढणीची पट्टी कुठून येणार? आणि पाण्याची गोष्ट आईंनी आयुष्यात पहिल्यांदा मला सांगितली ती त्या बसमध्ये, आठच्या नंतर. मी सगळे तर्क लिहून काढले आणि सगळे खोडले. माझ्या विद्यार्थ्यांनी असं उत्तर दिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

मागच्या महिन्यात दुपारी आई मेथी निवडत होत्या. मला वाटलं त्यांना जरा बरं वाटेल, म्हणून म्हटलं, "आई, काही का असेना, पंचफुलाबाई समाधानाने गेल्या. तुम्ही आलात, पाणी प्यायलात, असंच त्यांना वाटलं ना?"

त्यांनी मान हलवली. जुडी बाजूला ठेवली.

"ते खरं हाय. पण ती हासली म्हणते ना वंदना... ते तिनं पाह्यलं. मी नाही पाह्यलं."

ती कोण होती, मला आजही सांगता येत नाही. जी कोणी होती ती आठ वाजता त्या खाटेजवळ जाऊन बसली होती, आणि मी आईंना चारची वेळ दिली होती.