मुक्कामापुरतं आडनाव

तुमचे पाय कधी एखाद्या परक्या माणसाने गरम पाण्याने धुतले आहेत का?

माझे धुतले आहेत. सतरा वर्षांची होते. सरळगाव आणि किन्हवलीच्या मधल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपासमोर, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर मला बसवलं. एका बाईने माझे पाय पितळी परातीत घेतले. पाण्यात मीठ टाकलेलं होतं. तिने टाचेवरून अंगठा फिरवला, बोटांच्या बेचक्यातली धूळ काढली, पदराने पाय पुसले आणि त्या पायांवर डोकं टेकलं.

पंधरा मिनिटांनी तीच बाई नळावर उभी होती. साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होती.

या दोन गोष्टींच्या मध्ये माझे बाबा एक वाक्य बोलले. ते वाक्य खरं होतं. आणि त्या खऱ्या वाक्यासाठी मी माझ्या बापाचा राग केला.

आमची वस्ती टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी. दर डिसेंबरला वस्तीतली काही माणसं दादरला चैत्यभूमीवर पायी जातात. सरळगाव, किन्हवली, शहापूर, मग आसनगाव. तिथे आणखी माणसं मिळतात आणि हायवेने पुढे. आम्ही याला यात्रा म्हणत नाही. नवस नसतो, नैवेद्य नसतो. अभिवादन करायचं आणि परतायचं. येताना बाबा पिशवीभर पुस्तिका आणायचे. घरात तांदळाच्या कणगीशेजारी त्यांची चळत असायची. शाळेच्या पुस्तकाआधी मी त्या वाचल्या. माणूस माणसासमान आहे, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पाठ होतं, एवढंच.

मुक्काम कधी आधी ठरवायचा नाही, ही आमची रीत. किन्हवलीच्या पुढे आमच्या लोकांची वस्ती आहे, तिथे विहार आहे. दिवस मावळता मावळता तिथे पोचायचं. कुणी ना कुणी भात टाकतंच. पण त्या वर्षी आम्ही तिघंच होतो. बाबा, मावशी आणि मी. मावशीच्या टाचेचा फोड सरळगावातच फुटला. ती माझ्या आईची मोठी बहीण, आई गेल्यावर मला वाढवलेली. बोलायला फटकळ, पण त्या दिवशी दुपारनंतर एक शब्द बोलली नाही. तेव्हाच मला कळलं की विहारापर्यंत आमचं जाणं होत नाही.

आणि त्याच दिवशी त्या रस्त्यावर शिर्डीला जाणारी पालखी होती.

सकाळपासून रस्ता त्यांचा होता. पुढे स्पीकर लावलेला टेम्पो, मागे पाण्याचा टँकर, त्याच्या मागे औषधांची गाडी. दर दोन-तीन किलोमीटरवर कुणी केळी घेऊन उभं, कुणी चहा. आम्हालाही एकाने केळी पुढे केली, मग आमच्या गळ्यात पालखीचा पास नाही हे बघून हात मागे घेतला. "पालखीवाल्यांसाठी आहेत," म्हणाला. वाईट बोलला नाही. नुसतं सांगितलं.

सरळगावला ते जेवायला थांबले होते. तिथे माझ्या वयाची एक मुलगी बघितली. पायात पांढरे बूट. सतरंजीवर पाय पसरून बसली होती आणि एक बाई तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. कुणीतरी तिला संत्र्याची फोड दिली. तिने चावली आणि तोंड वाकडं करून टाकून दिली. "ई, आंबट आहे! दुसरं द्या ना."

तिने दुसरं मागितलं, आणि तिला ते मिळालं.

मला तिचे बूट नको होते. संत्रंही नको होतं. मला तिची तक्रार हवी होती. जे मिळालं त्याला नाक मुरडायचं आणि तरी कुणी रागवायचं नाही, असं आयुष्य हवं होतं. सरळगावपासून पुढचा सगळा रस्ता मी त्या मुलीवर जळत चालले. डोक्यात एकही पुस्तिका नव्हती. नुसती ती फोड.

त्या गावाच्या वेशीत शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्यावर रांगोळी. वर कापडी फलक, पालखीच्या स्वागताचा. मी तो वाचला. बाबांनी वाचला नाही. त्यांच्या खांद्यावर मावशीचा भार होता, नजर खाली रस्त्याकडे. आमचे तिघांचेही कपडे पांढरे. पायी चाललेले, धुळीने माखलेले.

"आले, आले! पुढची मंडळी आली!"

लोक धावले. कुणी बाबांच्या हातातली पिशवी घेतली. कुणी मावशीला दोन्ही बाजूंनी धरलं. आम्हाला मंडपासमोर नेलं, खुर्च्या दिल्या, वाफाळतं पाणी आलं. जिला सगळे काकी म्हणत होते ती साठीच्या आसपासची बाई परात घेऊन खाली बसली. तिने आधी बाबांचे पाय धुतले. बाबा संकोचून पाय मागे घेत होते, ती सोडत नव्हती.

बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बगितलंस गो? कोण, कुठले, कायपण इचारलं नाय. गाव सुधारलं."

त्यांचे डोळे भरले होते.

हे फक्त माझ्या बापासारख्या माणसाकडूनच होऊ शकतं. तीस वर्षं पत्रकं वाटलेला माणूस. त्याला वाटलं, वाटलेली पत्रकं उगवली.

मला खरं माहीत होतं. फलक मी वाचला होता. मी बोलले नाही. काकी माझ्याकडे वळली, मी पाय पुढे केले. त्या पाण्यात पाय बुडवून मी डोळे मिटले आणि पांढऱ्या बुटांची मुलगी झाले.

मग मावशीची पाळी आली. तिचा एक पाय धुऊन झाला. फुटलेल्या टाचेचा पाय काकी हातात घेणार, तेवढ्यात देवस्थानच्या कमिटीचे अण्णा नारळ घेऊन आले. बाबांना हात जोडून म्हणाले, "ओम साईराम. पालखी कुठवर आली, साई?"

बाबा क्षणभर गोंधळले. वर बघितलं. फलक दिसला. समजले.

"आमी पालखीतले नाय, दादा. आमी चैत्यभूमीला चाललोय. मेव्हणीचा पाय सुजलाय. आजची रात मंडपात टेकू द्या."

मग मागून एकजण हसला. "घ्या! पालखीच्या आदी हे पोचले!" दुसरा म्हणाला, "ओ काकी, डोकं कुठं टेकवलंत ते बगा जरा!"

हसू पसरलं. काकीचं तोंड पडलं. तिने मावशीचा पाय सोडला. परात तिथेच ठेवून ती नळाकडे गेली. पुढचं मी आधीच सांगितलं आहे.

अण्णा ओरडले नाहीत. शांतच होते. "आदी सांगायचं ना रे. एवडा वेळ पाय धुवून घेतलेस." मघाचे साई आता रे झाले होते. "मंडपाचं बुकिंग हाय. कळवून यायचं असतं."

"कुणाला कळवायचं?" बाबांनी विचारलं.

"आमाला."

"मग आता कळवतो."

"आता नाय जमत. पुढं एसटीची शेड हाय, तिथं बसा."

आम्ही उठलो. मावशी एका धुतलेल्या आणि एका मळलेल्या पायाने शेडपर्यंत लंगडत आली.

शेड मंडपाच्या समोरच, रस्त्यापलीकडे. तीन बाजूंनी भिंत, एक बाजू उघडी. बसल्या बसल्या मी बाबांवर भडकले. "गप बसता आलं नाय तुमाला? एक रात?"

"तिनं डोकं टेकवलं गो पायावर," बाबा म्हणाले. "खोटं कसं बोलू?"

मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. राग गेला नाही. पालखी आली तेव्हा तो आणखी वाढला. ढोल, गुलाल, फटाके. त्याच खुर्च्या, तीच परात. संत्र्याची फोड टाकणारी मुलगी त्याच खुर्चीवर बसली जिच्यावर मी बसले होते. काकी तिचे पाय धुवायला वाकली. मंडपात गाद्या पडल्या. फोडणीचा वास रस्ता ओलांडून आला. मी मोजत नव्हते, पण मला सगळं दिसत होतं. कुणाला दोन उशा मिळाल्या, तेसुद्धा.

थोड्या वेळाने एक स्वयंसेवक आमच्याकडे आला. कल्याणकडचा असावा. गळ्यात शिट्टी, हातात तीन पास, नाडीला अडकवलेले.

"काका, टेन्शन घेऊ नका. आमची एक फॅमिली आज तापाने परत गेली, त्यांचे हे पास. गळ्यात घाला आणि आत या. जेवण, गादी, डॉक्टर, सगळं आहे. कोण विचारत नाय."

चांगला मुलगा होता. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

पासवर नाव छापलेलं होतं. आडनाव इथे लिहीत नाही. ऐकल्यावर लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत अशी काही आडनावं असतात, त्यातलं एक. मी ते मनात म्हणून बघितलं. त्याच्या आधी माझं नाव लावून बघितलं. छान वाटलं. लिहायला लाज वाटते, पण छान वाटलं.

"घाल गो," मावशी म्हणाली. दुपारनंतरचा तिचा पहिला शब्द. "पाठ टेकली की झालं. आत डाक्टर हाय."

बाबा रस्त्याकडे बघत होते. "मी नाय घालायचा. तुमी दोघी जा. मी रागवायचा नाय."

मी पास घातला. मावशीने घातला. रस्ता ओलांडला.

मंडपाच्या तोंडाशी काकी उरलेल्यांचे पाय धूत होती. तिने आधी पास बघितला. "या साई," म्हणत वाकली. माझ्या पायावर पाणी ओतलं. मग वर बघितलं.

तिने मला ओळखलं. तांब्या हातात तसाच राहिला. मग इकडेतिकडे बघून ती कुजबुजली, "जा बाय आत, गपचूप. पास हाय ना आता."

ती दयेने बोलली. एवढंच ती करू शकत होती. आणि त्या दयेनेच माझ्या डोक्यात लख्ख झालं. ज्या पायांना शिवली म्हणून ती मघाशी हात घासत होती तेच पाय तिच्यासमोर होते. तीच धूळ, तीच कातडी. मधे बदललं होतं ते गळ्यातलं नाव. मी आत गेले असते तर झोपली असती ती कुणी दुसरीच. मी बाहेर शेडमध्येच राहिले असते, बाबांच्या शेजारी.

मी पाय मागे घेतला.

"काकी, तुमाला माझे पाय चालतात. माझं नाव चालत नाय."

"मोठ्यानं बोलू नको गो."

"मोठ्यानंच बोलणार."

मी पास काढला. माझं नाव, माझं आडनाव, माझी वस्ती, सगळं मोठ्याने सांगितलं. स्पीकर चालू होता, तरी जवळच्यांनी ऐकलं. अण्णा आले. मंडपाच्या खांबावर काळ्या दगडाची पाटी होती, कोणत्या सरकारी निधीतून बांधला ते लिहिलेली. मी पाटीवर हात ठेवला. पुस्तिकांमधलं पाठ केलेलं पहिल्यांदा तोंडातून माझं म्हणून बाहेर आलं.

"हा मंडप सरकारी पैशाचा हाय. बुकिंगचं रजिस्टर दाखवा."

"रजिस्टरबिजिस्टर काय नसतं," अण्णा म्हणाले. "किल्ली माझ्याकडं असते."

"किल्ली तुमच्याकडं असंल. मंडप तुमचा नाय."

ते हसले. खांदा उडवला. पालखीची मंडळी जेवायला बसत होती, त्यांना बघायला गेले. कुणी आम्हाला आत घेतलं नाही. कुणी मारलंही नाही. टाळ्याबिळ्या काही पडल्या नाहीत. मावशीने रागाने माझ्याकडे बघितलं. "तुला आताच सुचायचं होतं?" म्हणाली. मग तिनेही नाडी डोक्यावरून काढली आणि लंगडत माझ्यामागे आली.

सकाळी तिला पाय टेकवेना. टाच काळीनिळी झाली होती. पहिल्या एसटीने तिला परत पाठवावं लागलं. दादरला आम्ही दोघंच पोचलो. तिचं ते वर्ष माझ्यामुळे हुकलं, हे मी मान्य करते. पण अर्धा दोष त्या किल्लीचा आहे, आणि तो मी कुणाला विसरू देणार नाही.

सहा वर्षं झाली. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. अजूनही पालखी दिसली की मी जळते. फरक एवढाच की तेव्हा मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. आता मला त्यांना मिळतं ते सगळं हवं आहे, गरम पाण्यापासून दुसऱ्या उशीपर्यंत, माझ्या आडनावासकट. कुणाच्या दयेवर नको. चोरून नको.

टोकावड्यापासून शहापूरपर्यंत वाटेतल्या ग्रामपंचायतींना मी लेखी अर्ज दिले आहेत. सार्वजनिक पैशाचा मंडप पायी चालणाऱ्या कुणालाही नाव न विचारता उघडा, एवढंच त्यात लिहिलं आहे. काहींनी ठराव केला. त्या गावाने दर वर्षी "बघू" म्हटलं. या डिसेंबरला आम्ही तिथे जाणार आहोत. न कळवता. जितके असू तितके. पायरीवर पथारी टाकू आणि एकेकजण आपलं नाव सांगू.

तुम्ही माझ्याबरोबर चाला असं मी म्हणत नाही. तुम्ही तुमच्या गावात एक काम करा. तिथल्या सभामंडपाची, समाजमंदिराची, पंचायतीच्या हॉलची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते विचारा. नाव मिळालं की पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि ती पंचायतीच्या खिळ्यावर टांगायला लावा. उत्तर "बघू" आलं तर खाली बसू नका.