प्रल्हादचा निळा कोट

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहावीचे पेपर तपासत होतो. "मास्तर, हे गेले," सुमनवहिनी म्हणाल्या, आणि लगेच, जणू मी तेच विचारणार होतो, "फोटो शोधावा लागला नाही. पाकिटावर तुमचंच अक्षर आहे." सुरतेतल्या भेस्तानच्या त्याच्या छोट्या स्टुडिओत एक बाई पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसली होती. "हनुवटी जरा खाली," असं तिला सांगून तो कॅमेऱ्यामागे वाकला, तो पुन्हा वर आलाच नाही. बाई बिचारी कितीतरी वेळ हनुवटी खाली घालून तशीच बसून राहिली म्हणे... मी पोचलो तेव्हा घरात हार घातलेला त्याचा फोटो मांडलेला होता. दाढीचे खुंट, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर कुणी कामात व्यत्यय आणल्याचा वैताग. हा फोटो त्याने स्वतःच टायमर लावून काढला होता आणि त्याच्या पाकिटावर मी हसत हसत 'प्रल्हाद, शिरपूर' असं लिहिलं होतं. त्याला आता बारा-तेरा वर्षं होऊन गेली. त्या दिवशी मात्र मला माझंच अक्षर नकोसं झालं.

हे पाकिटांचं प्रकरण सांगायचं तर आधी निळ्या कोटाबद्दल सांगावं लागेल. प्रल्हादचा धंदा दोन गोष्टींवर चाले, जिवंत माणसांचे पासपोर्ट फोटो आणि गेलेल्या माणसांचे मोठे केलेले फोटो. सुरतेत लूमवर काम करणारा आपल्याकडचा माणूस गेला की घरचे आधार कार्ड नाहीतर लग्नातला ग्रुप फोटो घेऊन त्याच्याकडे येत. गंधमुक्तीला, म्हणजे दिवसकार्याला, फोटो लागतो, तेव्हा घाई असे. तो नखाएवढा चेहरा कापून घ्यायचा, मोठा करायचा, डोळे जरा उघडायचे, आणि कॉम्प्युटरमध्ये तयार असलेला एक निळा कोट गळ्याखाली चिकटवायचा. कोट एकच. त्यामुळे भेस्तानपासून कोसाडपर्यंत कितीतरी घरांच्या भिंतींवर जन्मात कधी कोट न घातलेली माणसं त्याच एका निळ्या कोटात बसलेली आहेत. "वर सगळे एकाच वरातीला निघाल्यासारखे दिसत असतील, मास्तर," तो म्हणायचा. आम्ही हसायचो.

एके दिवशी एक बाई फोटो न्यायला आली. बराच वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "ह्यांच्या भुवईवर खूण होती, लहानपणी बैलानं मारलं त्याची. ती कुठं गेली?" कार्डावरचा ओरखडा समजून प्रल्हादने ती साफ पुसून टाकली होती. त्याने खूण परत काढून द्यायचा प्रयत्न केला, पण जागा नक्की कोणती हे बाईला सांगता येईना. ती रडत नव्हती, नुसती स्वतःच्या भुवईवर बोट फिरवून आठवत होती. त्यानंतर प्रल्हादचं डोकं फिरलं ते फिरलंच. कारखान्याला सुटी असेल त्या दिवशी तो कॅमेरा घेऊन कामगारांच्या खोल्यांवर जाऊ लागला. प्रत्येकाचा एक फोटो, फुकट, हवं तसं बसा, हवं ते हातात घ्या. कुणी कोंबडा धरून बसला, कुणी टिफिन. एकजण म्हणाला, मी आराम करतो तेव्हा कसा दिसतो ते मला बघायचंय, आणि खाटेवर आडवा झाला. प्रल्हाद ह्याला 'जितेपणीचा फोटो' म्हणे. छापलेला फोटो पाकिटात, पाकिटावर नाव आणि गाव, पाकीट लोखंडी ट्रंकेत. वेळ येईल तेव्हा घरच्यांनी येऊन न्यायचा. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, म्हणून नावं लिहायला मी. दर रविवारी मी जाई, चहा पिई आणि दुसऱ्यांच्या भावांची, बापांची नावं सुरेख अक्षरात लिहून परत येई.

पहिल्या-पहिल्यांदा त्याने एक घोडचूक केली. त्यातले चांगले सहा फोटो फ्रेम करून दुकानात लावले, आणि लावले ते नेमके दक्षिणेच्या भिंतीला, कारण बाकीच्या भिंतींवर ऊन येई. आपल्याकडे दक्षिणेला कुणाचे फोटो असतात हे पोराबाळांनाही ठाऊक असतं, ह्यालाच ते सुचलं नाही. फोटोतला माणूस कधी गेला, असं शेजारच्या गुजराती दुकानदाराने हात जोडून विचारलं, "आ भाई क्यारे गया?" दोनच दिवसांत त्या सहांपैकी एकाची बायको दुकानात आली, भिंतीवर नवरा बघितला आणि खालीच बसली. नवरा बाहेर सायकल लावत होता. मग जे व्हायचं ते झालं... फ्रेमा फुटल्या, प्रल्हादच्या थोबाडीतही बसली. तेव्हापासून 'भेस्तानवाल्यानं फोटो काढला की माणूस जातो' असं बोललं जाऊ लागलं. तरी तो जात राहिला. दहा दारं बंद व्हायची, एक उघडायचं.

आता माझ्याविषयी. माझा धाकटा भाऊ गोकुळ कडोदऱ्याला एका लूमच्या कारखान्यात होता, तिथेच खोली करून राहायचा. प्रल्हादने मला दोनदा विचारलं, "गोकुळला कधी आणतोस?" दुसऱ्यांदा मी जरा जोरातच म्हणालो, "माझ्या घरी ये, जेव, राहा. पण माझ्या भावाचा फोटो नको." तो म्हणाला, "इतकी नावं लिहिलीस मास्तर, ती काय भाऊ नसलेल्यांची होती?" अंधश्रद्धा ह्या विषयावर मी शाळेत निबंध घालतो. आणि स्वतःच्या भावाच्या बाबतीत माझी छाती झाली नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

त्या वर्षी गोकुळ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेला नाही. आखाजी होऊन पंधरवडाही झाला नसेल, कारखान्यात त्याला शॉक लागला. एकोणतीस वर्षांचा होता. आमच्या कोसाडच्या घरासमोर माणसं जमली होती, प्रल्हादही आला होता. शेजारची कुणीतरी त्याला बघून काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात माझी आई उठली, गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. सगळ्यांच्या देखत तिने विचारलं, "पऱ्हाद, तू त्याना फोटू तं नही काढा ना रे?"

"नही माय," प्रल्हाद म्हणाला.

आईने त्याच्या हाताला धरून त्याला आत नेऊन बसवलं.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. गोकुळचा मोबाइल त्याच्या खिशातच जळाला होता, माझा साधा होता, आणि लग्नांच्या ग्रुप फोटोंत हा पठ्ठ्या नेहमी कुणाच्या तरी खांद्याआड. उरलं ते आधार कार्ड. "खरंच काढला नव्हतास?" मी विचारलं. आतून मला वाटत होतं, ह्याने माझं ऐकलेलं नसावं. त्याने मान वर केली नाही. "नाही." मग दोन दिवस खपून त्याने तो फोटो बनवला. नाक गोकुळचं होतं, बाकी कुणाचं होतं देव जाणे, आणि खाली निळा कोट. मी तो हातात घेतला आणि माझा तोल गेला. "सगळ्या गावाचे चांगले फोटो तुझ्या ट्रंकेत, आणि माझ्याच भावाचा असा?" नको म्हणणारा मीच होतो, हे त्याने एका शब्दाने मला ऐकवलं नाही. फोटो कागदात गुंडाळून दिला. नंतर मी रविवारी जायचा थांबलो. त्यानेही जितेपणीचे फोटो काढणं बंद केलं. वहिनी सांगत, कॅमेरा उचलतात आणि परत ठेवतात. मला वाटलं, थकला. आठ वर्षं आम्ही लग्नाकार्यात भेटत होतो, बरं आहे ना, बरं आहे, इतकंच.

गेल्या महिन्यात दुकान रिकामं करायचं म्हणून वहिनींनी मला बोलावलं. ट्रंक तशीच होती. मी एकेक पाकीट काढून गावाप्रमाणे लावत होतो. माझं तरुणपणचं अक्षर, वळणदार, निर्धास्त. अगदी तळाशी एक पाकीट वेगळं निघालं. त्यावर कोंबडीचे पाय होते. 'गोकुळ. मास्तरचा भाऊ.' गाव लिहिलेलं नव्हतं.

मी ते उघडलं. आत गोकुळ होता. केसांत सुताची भुरकट धूळ, बाहीवर तेलाचा डाग, समोरच्या कुणालातरी चिडवत असल्यासारखा हसणारा. अंगात माझा चौकडीचा शर्ट, जो मी त्या आखाजीला घरभर शोधला होता आणि ज्यावरून त्याला फोनवर शिव्या घातल्या होत्या. फोटोच्या मागे प्रल्हादने लिहिलं होतं, 'आखाजी. स्वतः आला. भाऊला सांगू नको म्हणाला.'

वहिनी दारात उभ्या होत्या. "मी कितीदा म्हटलं, देऊन टाका," त्या म्हणाल्या. "तर म्हणायचे, मास्तरच्या मायला तोंडावर 'नाही' म्हणालोय. आता दिला तर ती म्हणेल, ह्यानंच नेला माझा पोरगा." मग म्हणाल्या, "त्यांना स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं, मास्तर."

मला तेव्हा प्रल्हादचा राग आला. गोकुळचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा. ह्या माणसाने अस्सल गोकुळ ट्रंकेत ठेवून दोन दिवस बसून खोटा गोकुळ घडवला, वर माझं बोलणं ऐकून घेतलं, आणि ज्या कामासाठी थोबाडीत खाल्ली ते कामही सोडलं. आणि मी आठ वर्षं तोंड फिरवून बसलो.

चार दिवस पाकीट माझ्या शाळेच्या पिशवीत होतं. आईला दाखवायचं की नाही? तिला आता कमी दिसतं, सत्तरी कधीच ओलांडली आहे, रोज सकाळी आंघोळ करून त्या निळ्या कोटाला हात लावते. शेवटी पाचव्या दिवशी सकाळी मी फोटो तिच्या हातात दिला आणि खिडकी उघडली. तिने तो डोळ्यांजवळ नेला. केसांवरून अंगठा फिरवला, सूत झटकल्यासारखा.

"हाऊ शे मना गोकुळ," ती म्हणाली. मग भिंतीकडे बोट दाखवून, "तो कोन शे, माले कधी वळखूच नही उना. तुले वाईट वाटी म्हनीसन मी गप व्हती."

मलाही तो कधी ओळखू आला नव्हता. आईला वाईट वाटेल म्हणून मी गप्प होतो.

"कोनी काढा?" तिने विचारलं. मी सांगितलं. "पऱ्हाद तं नही म्हने..." तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती खूप रडली, गोकुळ गेला त्या दिवशी रडली नव्हती इतकी. "मी त्याले इचाराले नको व्हतं," एवढं एकच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी जवळ बसून राहिलो.

दुपारी मी भिंतीवरची फ्रेम उतरवली, मागच्या पट्ट्या सोडल्या आणि निळा कोट बाहेर काढला. तो बाजूला ठेवायला गेलो तर आईने हात धरला. "राहू दे. पऱ्हादना हात शे त्यामा." म्हणून आता त्या फ्रेमेत पुढे गोकुळ आहे, माझ्या चौकडीच्या शर्टात, आणि त्याच्या पाठीमागे प्रल्हादने घडवलेला तो निळ्या कोटातला माणूस. दोन फोटोंमुळे मागची पट्टी नीट बसत नाही, फ्रेम भिंतीपासून जराशी पुढे आली आहे. आई रोज सकाळी हात लावते तेव्हा ती हलते. मी ती ठोकून घेतलेली नाही.