मेमोची मागची बाजू

साळवे सिस्टरांना मी खोटं ठरवलं होतं, तेही लेखी. महिन्यापूर्वी त्या गेल्याचा फोन आला, तेव्हा आधी आठवली ती त्या कागदावरची माझी सही...

आमच्या नर्सिंग कॉलेजात त्या शिकवायच्या, मी उपप्राचार्य. त्यांचं माहेर फर्दापूर. गावाजवळची लेणी पाहायला येऊन तिथंच दोन महिने राहिलेल्या एका चिनी आजींकडून त्या तरुणपणी आठ हालचालींचा जुना चिनी व्यायाम शिकल्या होत्या. रोज सकाळी होस्टेलच्या गच्चीवर तो मुलींकडून करून घ्यायच्या. संथ श्वास, दोन्ही हात वर, जणू आभाळ तोलून धरलंय. वॉर्डातला पहिला मृत्यू पाहून जेवण सोडलेली एक मुलगी तिथं पुन्हा हसताना मी पाहिली. मला ते इतकं आवडलं की मी ते सक्तीचं केलं. हजेरी लावली, गुण ठेवले. ताण उतरवायला येणाऱ्या मुली आता गुण जातील म्हणून धापा टाकत जिने चढू लागल्या.

एकदा अचानक गच्चीवर गेलो. रजिस्टरात चाळीस हजर, समोर अकरा, त्यातल्या दोघी सतरंजीवर गाढ झोपलेल्या. मी मुलींदेखतच विचारलं, ही खोटी हजेरी कुणी लावली?

"मीच," सिस्टर म्हणाल्या. "रातपाळीच्या पोरी खोलीवर झोपल्यात, सर. ह्या दोघी इथं. झोपू द्या की. त्यासाठीच तर हाय हे सगळं."

मी मेमो दिला. चौकशी लांबली, तेवढ्यात त्या निवृत्त झाल्या. चौकशी चालू असताना निरोप समारंभ नको, असं मीच सुचवलं. मुकुंदवाडीतलं त्यांचं घर माझ्यापासून दहा मिनिटांवर. दोन वर्षांत एकदाही गेलो नाही...

पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजली सभेला, मात्र गेलो. त्यांच्या लेकीनं एक कागद हातात दिला. माझाच मेमो. मागच्या कोऱ्या बाजूला सिस्टरांनी आठही हालचाली लिहिल्या होत्या, पुढं शिकवणाऱ्या बाईंसाठी. खाली एक ओळ : हजेरी घेऊ नये.

"मम्मी म्हणायची, जाड कागद हाय, वाया कशाला घालायचा," लेक म्हणाली.

आदरांजलीसाठी माझं नाव पुकारलं. समोर त्यांच्या कितीतरी मुली, काही थेट ड्युटीवरून आलेल्या. मी कागदाची पुढची बाजू मोठ्यानं वाचली, खालच्या सहीसकट. मग म्हणालो, "सिस्टरांनी वावगं काही केलं नव्हतं. मी तुमच्यादेखत त्यांचा अपमान केला, म्हणून तुमच्यादेखतच माफी मागतो... सिस्टर, माझं चुकलं."