लिफ्टमध्ये जेवायला बंदी

माझा धाकटा मेहुणा लिफ्टचा मेकॅनिक आहे. त्याच्या नखांतलं ग्रीस स्वतःच्या लग्नातही निघालं नव्हतं. अडलेलं कुठलंही दार तो चुटकीसरशी उघडतो. उघडत नव्हतं ते फक्त त्याच्या चार वर्षांच्या लेकीचं तोंड.

भात चिकट म्हणून नको, बटाटा मऊ म्हणून नको, अंडं गोल म्हणून नको. एकदा तिची आई वाटी घेऊन मागे धावता धावता लिफ्टमध्ये शिरली. वरच्या मजल्यावर दार उघडलं, त्याबरोबर पोरीचं तोंडही उघडलं. घास आत गेला.

मेहुण्याने लगेच मला फोन केला. "भावजी, दोष सापडला! दार उघडलं की तोंड उघडतं."

तेव्हापासून त्या घराची पंगत लिफ्टमध्ये बसू लागली. आमच्या सासूबाई स्टुलावर, मुलीची आई वाटी घेऊन, मेहुणा बटणांपाशी. शेजारीपाजारी मुकाट्याने जिना चढू लागले. शेवटी एकदा तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंचाच पाय सांडलेल्या भातावरून घसरला.

"लिफ्टमध्ये जेवायला बंदी!" त्या कडाडल्या. "पुन्हा एक शीत दिसलं, तर बिऱ्हाड हलवायचं!"

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. ऐकावं तर पोर उपाशी, न ऐकावं तर घर जाणार. त्याने भंगारातून लिफ्टचं जुनं जाळीचं दार आणलं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत बसवलं. उद्घाटनाला आम्ही नवरा-बायको हजर होतो. पोरीला आत टेबलाशी बसवलं. मेहुण्याने खडखड दार ओढून उघडलं.

तोंड मिटलेलंच.

"अगं, उघड ना राणी!"

"लिफ्टमध्ये जेवायला बंदी आहे," ती म्हणाली. "बाई घर काढून घेतील."

"बापावर गेलीय हो," सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

पोरगी ताट उचलून जाळीबाहेर गेली, जमिनीवर बसली आणि भराभर जेवू लागली. मध्येच ओरडली, "बाबा, लिफ्ट धरून ठेवा हं! हा शेवटचाच घास!"

शेवटचे घास पुष्कळ होते.

आता रोज हेच चालतं. घर शाबूत आहे, पोरीच्या गालांवर मांस चढलंय. मेहुणा मात्र तिचं ताट संपेपर्यंत दार धरून आत उभा असतो. परवा न राहवून त्याने बटाट्याची एक फोड तोंडात टाकली.

"बाबा!" बाहेरून आवाज आला.

त्याने फोड निमूटपणे काढून परत ठेवली.

"अरे, खाऊन टाक की," मी म्हणालो.

"नको, भावजी," तो हळूच म्हणाला. "खाली कळलं म्हणजे?"